मोटरहोमच्या राहत्या भागासाठी नवी बॅटरी निवडताना

मोटरहोमच्या राहत्या भागाची बॅटरी बदलायची वेळ आली की बहुतेक मालक जुन्या बॅटरीवरचा आकडा वाचतात आणि तोच आकडा घेऊन दुकानात जातात. दुकानदारही '१५० एएच' (ॲम्पिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) एवढेच ऐकून घरगुती इन्व्हर्टरची उंच ट्यूबलर बॅटरी पुढे करतो. अशी बॅटरी काही महिने बरी चालते, मग रात्री दोनच्या सुमारास फ्रीज बंद पडू लागतो आणि दोष बॅटरीच्या कंपनीवर जातो. खरे कारण बहुधा वेगळे असते. गाडीतली बॅटरी जितकी वापराने संपते, त्याहून अधिक ती अपुऱ्या चार्जिंगने मरते. त्यामुळे निवड करताना पहिला प्रश्न 'किती एएच?' हा नसून 'ही बॅटरी आपल्या गाडीत रोज पूर्ण भरणार कशी?' हा असायला हवा. पुढचे विवेचन फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरसारख्या गाडीवर बांधलेल्या, १२ व्होल्टच्या रचनेच्या मोटरहोमला समोर ठेवून केले आहे.

जुनी बॅटरी का गेली, हे आधी शोधावे

बॅटरी खरोखर संपली आहे की नीट भरतच नाही, याची खात्री केल्याशिवाय नवी घेऊ नये, कारण चार्जर किंवा वायरिंगमध्ये दोष असेल तर तो नव्या बॅटरीचाही जीव घेईल. लेड-ॲसिड बॅटरी (शिशाच्या प्लेटा आणि ॲसिड असलेली, ट्यूबलर व एजीएम हे तिचेच प्रकार) वीजजोडणीवरच्या चार्जरने पूर्ण भरावी, सर्व जोडण्या सोडवून रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी मल्टिमीटरने मोजावी. १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसल्यास ती चांगली भरली आहे. १२.१ ते १२.२ म्हणजे जवळपास निम्मी आणि ११.८ च्या खाली म्हणजे रिकामीच समजावी.

व्होल्टेज ठीक असले तरी साठवण कमी झालेली असू शकते. ती तपासण्यासाठी ६० वॅटचा हेडलाइटचा बल्ब पुरतो. तो साधारण ५ ॲम्पिअर घेतो, म्हणजे १०० एएचची नवी बॅटरी त्याला सुमारे २० तास चालवते. बॅटरी १०.५ व्होल्टवर येईपर्यंतचा वेळ मोजावा आणि तेथे बल्ब लगेच काढून बॅटरी पुन्हा भरायला लावावी. वेळ १२ तासांच्या आत भरला, तर बॅटरी बदलण्यायोग्य झाली आहे.

त्यानंतर कारणाचा शोध घ्यावा. गाडी उभी असताना, सर्व बटणे बंद ठेवून, बॅटरीच्या ऋण तारेत मीटर लावून चोरटा प्रवाह मोजावा. गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र, म्युझिक सिस्टिम आणि रिकामा पण चालू राहिलेला इन्व्हर्टर मिळून एक-दीड ॲम्पिअर सहज ओढतात, आणि दीड ॲम्पिअर म्हणजे दिवसाला ३६ एएच होतात. पावसाळ्यात दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीतली लेड-ॲसिड बॅटरी याच प्रकारे रिकामी होते, तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वपदावर येत नाही.

रोजचा खर्च कागदावर मांडावा

प्रत्येक उपकरण किती ॲम्पिअर घेते आणि दिवसात किती तास चालते, यांचा गुणाकार केला की एएच मिळतात. ५० लिटरच्या आसपासचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना ४ ते ५ ॲम्पिअर घेतो, पण तो सतत चालत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालतो असे धरले तर दिवसाला ५० एएचच्या घरात जातो. छतावरचा पंखा अडीच ॲम्पिअरने आठ तास चालला तर २०, चार एलईडी दिवे पाच तास लागले तर ८, लॅपटॉप तीन तास वापरला तर १५, मोबाइलचे ५ आणि पाण्याच्या पंपाचे २ एएच. एकूण हिशेब १०० एएचचा होतो. दोघांच्या कुटुंबाने साधेपणाने राहिले तर हा आकडा बऱ्यापैकी वास्तवाशी जुळतो, मात्र फ्रीजचा आकडा स्वतःच्या गाडीत मोजलेलाच घ्यावा, कारण बाकी सगळ्यांची बेरीज त्याच्याइतकीच भरते.

इन्व्हर्टरवर चालणाऱ्या उपकरणांचे गणित वेगळे मांडावे, कारण १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करताना १० ते १५ टक्के वीज वाया जाते. १८०० वॅटची इंडक्शन शेगडी अर्धा तास चालली तर सुमारे ८० एएच खाते आणि तेवढा वेळ बॅटरीतून १६० ॲम्पिअरचा प्रवाह ओढते. एसीची गोष्ट आणखी मोठी आहे. उष्णतारोधक भिंती असलेल्या गाडीत एक टनाच्या एसीने रात्रभरात सरासरी ६०० वॅट घेतले, तरी आठ तासांत सव्वाचारशे एएच संपतात. रात्रभर एसी हवाच असेल तर १२ व्होल्टची रचना मोठी करत बसण्यापेक्षा २४ किंवा ४८ व्होल्टची रचना नव्याने करून घेणे शहाणपणाचे आहे. तो मोठा विषय असल्यामुळे येथे बाजूला ठेवतो.

आता वीज न मिळता किती दिवस काढायचे ते ठरवावे. दोन दिवस हे प्रमाण मला योग्य वाटते, कारण दापोली किंवा गणपतीपुळ्याच्या परिसरात जुलैमध्ये सलग दोन दिवस ऊन न दिसणे मुळीच नवलाचे नाही. दोन दिवसांचे २०० एएच झाले. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, म्हणून तिची साठवण ४०० एएच लागेल. लिथियम बॅटरीतली ८० टक्के साठवण वापरता येते, म्हणून तिथे २५० एएच पुरतील.

आकड्यामागची अट वाचावी

बॅटरीवर छापलेला एएचचा आकडा कोणत्या गतीने वीज काढली असता मिळतो, हे त्याच्या शेजारी लिहिलेले असते. 'सी-२०' म्हणजे २० तासांत आणि 'सी-१०' म्हणजे १० तासांत. आपल्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बहुधा सी-२० ने आणि सोलरच्या बॅटऱ्या सी-१० ने विकल्या जातात. सी-२० ने १५० एएच भरणारी बॅटरी सी-१० ने मोजली तर साधारण १३० च भरते, त्यामुळे दोन बॅटऱ्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच गतीचे आहेत ना, हे पाहावे. प्रवाह जितका मोठा तितकी लेड-ॲसिड बॅटरीची मिळकत घटते, हा नियम जर्मन संशोधक विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. व्यवहारात त्याचा अर्थ असा की १०० एएचच्या साध्या पातळ ॲसिडच्या बॅटरीतून ५० ॲम्पिअर ओढले तर ६०-६५ एएचच हाती लागतात. लिथियममध्ये ही घट अगदी थोडी असते, आणि शेगडी किंवा मायक्रोवेव्ह वापरणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो.

कोणता प्रकार घ्यावा

इंजिन सुरू करणारी बॅटरी राहत्या भागासाठी घेऊ नये, मग ती कितीही मोठी असो. तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ असतात, कारण सेल्फ मारताना काही क्षण प्रचंड प्रवाह देणे एवढेच तिचे काम असते. रोज निम्मी उतरवली तर या प्लेटा काही महिन्यांत झडतात. राहत्या भागाला जाड प्लेटांची, खोलवर उतरणे सोसणारी बॅटरी लागते.

पाणी घालावी लागणारी ट्यूबलर बॅटरी घरात उत्तम असते, हे मान्य आहे. पण १५० एएचची अशी बॅटरी ५० ते ६० किलो भरते, घाटातल्या वळणांवर तिच्यातले ॲसिड हिंदकळते आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. जेथे माणसे झोपतात आणि काही फुटांवर गॅसची शेगडी पेटते, त्या बंदिस्त जागेत अशी बॅटरी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरून उघडणाऱ्या, आतून सीलबंद आणि वर-खाली वायुवीजन असलेल्या कप्प्यातच तिला जागा द्यावी, आणि असा कप्पा नसेल तर तो विचार सोडून द्यावा.

एजीएम बॅटरीत ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते, त्यामुळे ते सांडत नाही आणि पाणीही घालावे लागत नाही. जुना चार्जर, जुना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग) आणि जुने वायरिंग यांच्याशी तिचे बहुधा जमते. वर्षाकाठी मोजक्या रात्री बाहेर काढणाऱ्या, आणि उरलेला काळ गाडी घराजवळ चार्जरला लावून ठेवू शकणाऱ्या कुटुंबाला मी आजही एजीएमच सुचवेन. तिचा मोठा दोष असा की शेवटचे २० टक्के भरायला तिला कित्येक तास लागतात, कारण भरत आली की ती प्रवाह घेणेच कमी करते. दोन तास गाडी चालवून ती ८० टक्क्यांपर्यंत येईल, पण पूर्ण भरणार नाही, आणि रोज अशी अर्धवट राहिली तर सल्फेट धरू लागेल. दुसरा शत्रू उष्णता. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या आसपासच्या तापमानाला धरून सांगितलेले असते आणि त्याच्या वरच्या प्रत्येक १० अंशांमागे ते साधारण निम्मे होते. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत आसनाखालचा कप्पा किती तापतो, हे तेथील वाचकांना सांगायला नको.

लिथियम म्हणताना येथे केवळ लिथियम आयर्न फॉस्फेट अभिप्रेत आहे. बाजारात तिला 'एलएफपी' किंवा 'लाइफपो-फोर' म्हणतात. ३.२ व्होल्टचे चार सेल मिळून तिचे १२.८ व्होल्ट होतात. मोबाइलमध्ये किंवा अनेक विद्युत दुचाक्यांत असणाऱ्या अन्य लिथियम रसायनांपेक्षा ती उष्णतेत बरीच स्थिर राहते. १०० एएचची एजीएम ३० किलोच्या आसपास भरते, तर तेवढीच एलएफपी १०-१३ किलोत होते. ती अर्धवट भरलेली राहिली तरी तिचे काही बिघडत नाही, आणि मोटरहोमच्या अनियमित जीवनात हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे, असे मला वाटते. आयुष्याच्या बाबतीत, एजीएम निम्मी उतरवत राहिल्यास ती साधारण ४०० ते ७०० वेळा आणि एलएफपी ८० टक्के उतरवत राहिल्यास ती दोन ते चार हजार वेळा साथ देते. किमतींची तुलना करायची तर प्रत्येकीची किंमत तिच्या वापरण्याजोग्या एएचने आणि या फेऱ्यांच्या संख्येने भागून पाहावी. वर्षातला महिनाभर किंवा अधिक काळ गाडीत राहणाऱ्याच्या हिशेबात एलएफपीच स्वस्त पडते.

तिच्या मर्यादाही तेवढ्याच ठामपणे ध्यानात घ्याव्यात. शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचते आणि झालेली हानी भरून येत नाही. लडाख किंवा स्पितीला जाण्याचा विचार असेल तर थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी, शक्यतो आतच हीटर असलेली बॅटरी घ्यावी आणि ती गाडीच्या खाली न बसवता आत, उबदार जागी बसवावी. वरच्या बाजूलाही मर्यादा असते. चार्जिंगसाठी बहुतेक उत्पादक ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान कोठेतरी रेषा आखतात, म्हणून तिला इंजिनाजवळ कधीही ठेवू नये.

बीएमएसची चौकशी

एलएफपीच्या प्रत्येक पॅकमध्ये बीएमएस नावाचे नियंत्रक सर्किट असते आणि खरेदीच्या वेळी सेलइतकीच चौकशी त्याची करावी. ते सतत किती ॲम्पिअर सोडू देते, हा पहिला प्रश्न. १०० ॲम्पिअरचे बीएमएस असलेली एकच बॅटरी जेमतेम १२८० वॅट देते, त्यामुळे २००० वॅटचा इन्व्हर्टर तिच्यावर लावून शेगडी चालू केली की सगळ्या गाडीची वीज एकदम जाईल. तापमानाचा सेन्सर आहे का, थंडीत चार्जिंग तोडते का, समांतर किती बॅटऱ्या जोडता येतात आणि बिघडल्यास दुरुस्ती कोठे होते, हे सर्व लेखी घ्यावे.

आता ठिकठिकाणी स्थानिक जुळणी केलेले पॅक मिळतात. त्यांतले काही खरोखर चांगले असतात, पण जुन्या विद्युत वाहनांतून काढलेले सेल नवे म्हणून घातलेले पॅकही विकले जातात. म्हणून सेलचा उत्पादक, उत्पादनाची तारीख आणि साठवणीची चाचणी दाखवायला जो तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नये. वॉरंटी गाडीतल्या वापराला लागू आहे का, हेही आवर्जून विचारावे. लेड-ॲसिड बॅटरी घेताना तिच्यावरचा तारखेचा कोड वाचून घ्यावा आणि सहा महिन्यांहून अधिक काळ दुकानात पडून राहिलेली बॅटरी नाकारावी.

भरण्याची व्यवस्था

एलएफपीला चार्ज होताना १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात, लेड-ॲसिडसाठी असलेली इक्वलायझेशनची (मुद्दाम जास्त व्होल्टेजने भरण्याची) सोय बंद असावी लागते आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोयही बंद ठेवावी लागते. जुन्या चार्जरमध्ये लिथियमची सेटिंग नसेल तर चार्जर बदलण्याचा खर्च बॅटरीच्या किमतीत धरूनच निर्णय घ्यावा. सोलर कंट्रोलरचेही तेच.

इंजिनाकडून भरताना सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. पूर्वी इंजिनाची आणि राहत्या भागाची अशा दोन्ही बॅटऱ्या एका रिलेने (आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचने) जोडल्या की भागत असे. एलएफपी मात्र मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेते, आणि गाडी उभी ठेवून इंजिन मंद चालू असताना अल्टरनेटरला थंड करणारी हवा कमी असल्यामुळे तो तापून जळू शकतो. दुसरीकडे, १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण-मानकांच्या अनेक गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर अधूनमधून व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे रिलेने जोडलेली बॅटरी भरतच नाही. दोन्हींवर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे इंजिनाकडच्या विजेवरून राहत्या बॅटरीला ठरलेलाच प्रवाह आणि व्होल्टेज देणारे यंत्र, बसवणे. ३० ॲम्पिअरचा असा चार्जर चार तासांच्या प्रवासात १२० एएच भरतो. पुण्याहून गोव्यापर्यंतच्या दिवसभराच्या प्रवासात २५० एएचची रिकामी बॅटरीसुद्धा भरून निघते.

सोलरवर मात्र अवाजवी भिस्त ठेवू नये. छतावर आडवे बसवलेले ३०० वॅटचे पॅनल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण ८० एएच देते, झाडाखाली गाडी लावली तर फारच थोडे, आणि कोकणातल्या पावसात याच्या तिसऱ्या हिश्श्याचीही खात्री नाही. हॉटेलच्या किंवा शेतघराच्या आवारात साधा प्लग मिळाला तर तो वापरावा. २० ॲम्पिअरचा चार्जर साधारण साडेतीनशे वॅटच घेतो, त्यामुळे मालकाच्या मीटरवर फारसा भार पडत नाही.

जोडणी

एलएफपी बॅटरीत शॉर्टसर्किट झाले तर हजारो ॲम्पिअर वाहू शकतात. म्हणून धन टर्मिनलपासून वीतभर अंतरातच, असा प्रवाह खरोखर तोडू शकणारा 'क्लास टी' प्रकारचा फ्यूज बसवावा. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेची एमसीबी या कामाची नाही. तारेची जाडी अंदाजाने घेऊ नये. जाऊन-येऊन ६ मीटरच्या ३५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून १०० ॲम्पिअर गेले तर ०.३ व्होल्ट तारेतच पडतात. २००० वॅटच्या इन्व्हर्टरसाठी ७० चौरस मिलिमीटरची तार घ्यावी आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवावा. तारेच्या टोकाचे थिंबल हातोडीने ठोकलेले नसावे, ते हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबून घ्यावे.

दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या असतील तर दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुन्या एजीएमला नवी एलएफपी सरळ जोडणे तर पूर्णपणे टाळावे. एलएफपीच्या दोन्ही बॅटऱ्या आधी स्वतंत्रपणे पूर्ण भराव्यात आणि मगच जोडाव्यात. धन तार पहिल्या बॅटरीवरून आणि ऋण तार दुसरीवरून काढली की दोघींवर सारखा भार येतो.

काम करताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. आधी बाहेरची वीजजोडणी काढावी, मग सोलर पॅनल कंट्रोलरपासून सोडवावे, नंतर बॅटरीची ऋण तार आणि शेवटी धन तार. बसवताना हाच क्रम उलटा. बॅटरी रॅचेटच्या पट्ट्याने किंवा लोखंडी चौकटीने तळाशी घट्ट आवळावी, कारण जोराचा ब्रेक लागल्यावर ३० किलोची सैल बॅटरी माणसाच्या जिवावर उठू शकते.

ऋण तारेत शंट असलेला बॅटरी मॉनिटर बसवणे मी अत्यावश्यक मानतो. एलएफपीचे व्होल्टेज ४० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जवळपास सारखेच राहते, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून ती किती उरली आहे हे कळत नाही. शंट आत-बाहेर जाणारा प्रत्येक ॲम्पिअर मोजतो, मात्र त्यासाठी गाडीतली एकूण एक ऋण तार त्याच्या पलीकडच्या, म्हणजे बॅटरीकडे नसलेल्या, बाजूला जोडलेली असावी लागते.

जुनी लेड-ॲसिड बॅटरी नवी घेताना विक्रेत्याकडेच द्यावी. तिच्यातल्या शिशाला मोल असते आणि ते बिलातून वजाही होते. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्यात लिथियमही येते. म्हणून एलएफपी घेतानाच ती पुढे कोठे परत द्यायची, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

नवी बॅटरी बसवल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सर्व टर्मिनल पुन्हा आवळावेत, मोठा भार चालू असताना प्रत्येक जोडाला हाताची पालथी बाजू जवळ नेऊन तो तापतो का ते पाहावे, आणि पहिल्या मुक्कामाच्या सकाळी मॉनिटरवर दिसलेला खर्च कागदावरच्या अंदाजाशेजारी लिहून ठेवावा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर फ्रीजपासून तपासायला सुरुवात करावी.